डाव्या सीटवरची सावली

दिवाकर उराड्यांनी गाडी पत्र्याच्या शेडखाली घेतली, बंद केली, खाली उतरले आणि गाडीकडे पाठ करून उभे राहिले. पेशंटला डॉक्टरपुढे बसवून त्याच्याबद्दल बोलायचं असलं की घरचा माणूस जसा जरा बाजूला सरकतो, तसे.

"रंजू, एसी आपल्या मनानं चालू होऊन राहिला."

"मन कुठून आणलं त्यानं, भाऊजी?"

ते हसले नाहीत. एरवी हसायचे.

चंद्रपुरात मूल रोडला लागलं की पेट्रोलपंपाच्या पुढे रंजना पिंपळशेंडेचं वर्कशॉप होतं. गाड्यांचं वायरिंग आणि एसी, दोनच कामं ती घ्यायची. सासरहून परत आल्यावर आधी स्कूटरचे हॉर्न दुरुस्त करत, मग मोटारींच्या वायरी चाचपत ती हे आपलं आपणच शिकली होती. दिवाकर तिच्या बहिणीचे, लतिकाचे यजमान. लतिकाताईला जाऊन वर्ष होत आलं होतं. आता दिवाकर कुंदा वासेकरांशी लग्न करणार होते. कोर्टात सही करून, गाजावाजा न करता. कुंदाताई वरोऱ्याला शिवणक्लास चालवायच्या, त्याही एकट्याच होत्या. रंजूला विचारलं तेव्हा ती हो म्हणाली होती. मनापासून म्हणाली का, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि स्वतःला विचारायला तिला सवड झाली नाही.

"नीट सांगा, काय होतं?"

"बंद करून सावलीत लावली, तरी दुपारी आत पंखा घरघरतो. संध्याकाळी बॅटरी खाली. आणि चालवताना माझ्याकडे गार येतं. डाव्या सीटवर गरम."

"किती गरम?"

"रविवारी वरोऱ्याहून येताना कुंदाला भोवळ आली. सलाइन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं."

बाहेर एकोणपन्नास होतं. अलीकडे उन्हाळ्यात एकोणपन्नासचं कुणाला नवल वाटेनासं झालं होतं. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की एसी चालू असल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. गाड्या तशाच बनून यायच्या. म्हणजे एसीची वायर उपटून टाकावी आणि काचा खाली करून जावं, हा जुना उपायही राहिला नव्हता.

"ठेवून जा," रंजू म्हणाली. "फॉल्ट असला की सापडतोच."

"सापडला तर काढ," दिवाकर म्हणाले. मग रस्त्याकडे बघत, "नाही सापडला, तर नाही सापडला."

रंजूने हे वाक्य ऐकलं आणि कामाला लागली.

बंद गाडी करंट पिते म्हणजे कुठेतरी काहीतरी जागं आहे. ते शोधायची रीत सोपी असते. बॅटरीच्या वायरवर मीटर लावायचा आणि एकेक फ्यूज उपटत जायचं. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, ते घर गुन्हेगाराचं. आकडा एसीच्या फ्यूजला पडला. तिने रिले काढला. रिले म्हणजे छोट्या हुकमाने मोठं काम करणारा स्विच. त्याची आतली टोकं जळून चिकटली की बंद केलेली वस्तूही चालू राहते. बहुतेक वेळा हेच असतं. रिले तपासला, तो स्वच्छ होता. तरी नवा घातला. नव्यानेही बसल्या बसल्या टक् केलं आणि आत पंखा सुरू झाला.

मग तिने हुकमाच्या वायरला मीटर लावला. वायर जिवंत होती. रिले बिचारा चिकटला नव्हता. त्याला कुणीतरी सांगत होतं.

सीटपाशी तापमान मोजणारा सेन्सर तिने तळहाताने ऊब देऊन पाहिला. जसा बदलायला हवा तसाच बदलला. जाळीतल्या ज्या पट्ट्या हवेची दिशा वळवतात त्या फडक्या; त्यांना फिरवणारी मोटर ठीक. अर्थिंगचा नट सैल असला की एसी वेड्यासारखा वागतो, म्हणून तिने तो घासून पुन्हा आवळला. गाडीच्या बॉडीला अर्थ बरोबर लागत होता. बाकी कशाचाच लागत नव्हता.

वायर तुटलेली सापडली की इलेक्ट्रिशियनला बरं वाटतं, तुटलेलं जोडता येतं. सगळंच धड असलं की त्याला घाम फुटतो. रंजूने पदराने मान पुसली आणि स्कॅनर जोडला.

पडद्यावर चार सीटा उमटल्या. उजवी पुढची रिकामी. मागच्या दोन्ही रिकाम्या.

डावी पुढची: प्रवासी आहे.

रंजूने काचेतून आत पाहिलं. सीटवर दुपारचं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं. डाव्या बाजूच्या फडक्या हळूच खाली वळल्या, पायाच्या दिशेने.

*

हे सावलीचं तंत्र आलं तेव्हा आजूबाजूच्या लोकांचा थोडा गोंधळ उडाला होता, कारण मूलच्या पुढे सावली नावाचा तालुका आहे, आणि 'गाडीत सावली आहे का' असं विचारलं की ड्रायव्हर म्हणायचा, नाही, ही मूलपर्यंतच जाते.

जुना एसी नेहमी उशिरा पोचायचा. माणसाला उकडायचं, घाम यायचा, हवा तापायची, मग सेन्सरला कळायचं, मग गार वारा यायचा. पन्नासच्या उन्हात एवढा उशीर परवडत नाही. म्हणून यंत्र माणसाचा अंदाज बांधायला शिकलं. तुम्ही सीटवर बसलात की तुमच्या श्वासाची लय, श्वासातली ओल, अंगाची ऊब, मान कुठे वळते, कोणत्या बोलण्यानंतर कान तापतात, हे सगळं ते टिपून घ्यायचं आणि त्यातून आकड्यांचा एक देह उभा करायचा. हा देह तुमच्या जरासा पुढे चालायचा. तुम्हाला आता उकडणार, हे त्याला आधी उकडून कळायचं, आणि वारा वेळेवर यायचा. त्याचं नाव कंपनीने सावली ठेवलं. सावली गाडीत राहायची नाही. कंपनीच्या मोठ्या यंत्रात राहायची, आणि तुम्ही ज्या गाडीत, बसमध्ये, सहासीटरमध्ये चढाल तिथे तुमचा श्वास ओळखून हजर व्हायची. म्हातारीकोतारी उन्हाळ्यातून जगू लागली ती सावलीमुळे. हे कुणी नाकारत नव्हतं.

रंजूने डाव्या सीटवर बोट ठेवलं. नाव उघडलं.

लतिका दिवाकर उराडे. ताप आहे. थंडी वाजते आहे. पायाशी ऊब देत आहे.

आणि खाली: उतरताना परत येते म्हणाली. वाट पाहत आहे.

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. रंजूने स्कॅनर मांडीवर पालथा ठेवला.

तिला तो दिवस आठवायला कष्ट पडले नाहीत, कारण त्या दिवशी ती मागच्या सीटवर होती, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन. ताईला कित्येक दिवस ताप होता, हुडहुडी भरायची, भर उन्हाळ्यात ती शाल पांघरून बसायची आणि गाडी तिच्या पायांवर गरम हवा सोडायची. दवाखान्याच्या फाटकाशी दिवाकरांनी गाडी थांबवली. ताई उतरली. शाल सावरली. दार लावण्याआधी वाकून म्हणाली, "येते हं."

ती म्हणाली, तेच सगळे म्हणतात. उंबऱ्यावर 'जाते' म्हणायचं नसतं. लहानपणी तोंडातून निघालं तर आईची चापट पाठीत बसायची आणि परत पाट मांडून बसवायची; बस पाचदहा मिनिटं, मग 'येते' म्हण आणि मग जा. ज्यांनी यंत्राला मराठी शिकवली त्यांची आई त्यांच्याजवळ नसावी. त्यांनी 'येते' म्हणजे येते, एवढंच शिकवलं. एरवी ही चूक कुणाच्या लक्षातही येत नव्हती. लाखो माणसं रोज 'येतो' म्हणून उतरतात, सावल्या खोळंबतात, माणूस दुसऱ्या कुठल्यातरी गाडीत चढतो, सावली तिकडे धावते. चूक आपोआप भरून निघायची.

जो कुठल्याच गाडीत पुन्हा चढत नाही, त्याची सावली तेवढी थांबून राहायची. आणि ताप आलेल्या माणसाची सावली ताप घेऊन थांबायची.

त्या आठवड्यात रंजू बाजारात गेली तेव्हा पार्किंगमध्ये उभी राहिली. बंद गाड्यांची रांग. त्यातल्या दोन गाड्यांमधून बारीक घरघर येत होती. एकीत मागच्या सीटवरच्या फडक्या खाली, अगदी खाली वळलेल्या होत्या, लहान मुलाच्या उंचीला. ती भाजी न घेता परत आली.

*

सावली बंद करायला फार वेळ लागत नाही. तिने ते त्याच दिवशी करायला हवं होतं. तिने एवढंच ठरवलं की आधी एकदा बसून पाहू. तपासणी म्हणून.

डावं दार उघडून ती बसली. क्षणभर पायाशी गरम झळ आली. मग काहीतरी अडखळलं, जसं दारातलं माणूस ओळखीचं वाटलं की बोलणं मध्येच थांबतं. फडक्या वर आल्या, किंचित तिरप्या झाल्या आणि गार वाऱ्याची एक बारीक धार तिच्या मानेच्या डाव्या बाजूला, कानामागे येऊन टेकली.

रंजूला तिथे वारा आवडत नसे. ताईला आवडायचा. लहानपणी कूलरपुढे मान तिरकी करून बसायची आणि दुसऱ्याला वारा लागू द्यायची नाही.

दोघींची चण एक. आवाज तर असा की फोनवर दिवाकरसुद्धा फसायचे. श्वास मोजणाऱ्या यंत्राने फसू नये, असं काही नव्हतं.

मग तिच्या छातीतून नेहमीची वाफ उठली. या वयात उठते. कारण नसताना, भर कामात, कान लाल करून जाते. पण वाफ यायच्या थोडं आधीच वारा वाढला होता. तो आधी आला, मग वाफ आली, आणि वाऱ्यात विरून गेली. तिला कुणी पदराने वारा घातल्यासारखं झालं.

पडद्यावर आलं: प्रवासी परत आली. ताप उतरतो आहे.

संध्याकाळी दिवाकरांचा फोन आला. "सापडलं का?"

"एक पार्ट लागतो. नागपूरहून मागवला."

"येऊ दे," ते म्हणाले. पण फोन ठेवला नाही. "रंजू, मी दुपारी तिच्यात जाऊन बसायचो. बंद गाडीत. डावीकडून गरम वारा यायचा. मला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"काही नाही. पार्ट येऊ दे."

पार्ट येत नव्हता, कारण मागवलेलाच नव्हता. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की रंजू वाळ्याचा पडदा सोडायची, त्यावर पाणी मारायची आणि डबा घेऊन डाव्या सीटवर बसायची. आधी गप्प. मग थोडंथोडं बोलू लागली. पत्रा बदलायचाय. वांगी महागली. कुंदाताईंनी भाऊजींचा सदरा शिवलाय, खांद्यात जरा ओढतो, पण ते बोलत नाहीत. ताप रोज थोडा उतरत होता. हुडहुडी थांबली. एकदा ती पोळीचा घास तोंडात धरून जागीच बसली, कारण पडद्यावर आलं होतं: लतिका झोपली आहे. रंजू टक्क जागी होती. आणि वारा हळूहळू मंद झाला, झोपलेल्या माणसासाठी करतात तसा.

तेव्हा तिने उतरायला हवं होतं. ती श्वास आवरून बसून राहिली, कुणाची झोप मोडू नये म्हणून.

मग एक दिवस ती गांधी चौकातून शहर बसमध्ये चढली. डोक्यावरच्या छोट्या पडद्यावर प्रत्येक प्रवाशाचं नाव उमटतं, तसं उमटलं: नमस्कार, लतिका उराडे. आणि गार धार येऊन तिच्या कानामागे टेकली. शेजारच्या आजोबांनी नाव वाचलं आणि म्हणाले, "उराडे म्हणजे बल्लारपूरच्या का तुम्ही?"

रंजू म्हणाली, "हो." का म्हणाली, ते तिला कळलं नाही.

*

कुंदाताई आल्या त्या भर दुपारी, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून. वाळ्याचा पडदा बाजूला केला तेव्हा रंजू डाव्या सीटवर डोळे मिटून बसली होती. मांडीवर उघडा डबा.

"पार्ट आला का, रंजूताई?"

रंजू उतरली. पदर सारखा केला. "यायचाय."

"नागपूर इतकं लांब गेलं, मला ठाऊक नव्हतं." कुंदाताईंनी दुपट्टा सोडून पिळला. बुटक्या, घट्ट बांध्याच्या. बोटांना सुईचे घट्टे. "मी बसून बघू का?"

"नको."

त्या बसल्या. दार ओढून घेतलं. फडक्या लगेच खाली गेल्या. रंजूने पडद्याकडे पाहिलं. सीट आधीच भरलेली, म्हणून कुंदाताईंची स्वतःची सावली आलीच नव्हती; अनोळखी भार, असं आलं होतं, आणि खाली: लतिकाला थंडी वाजते आहे. गेले कित्येक दिवस नव्हती ती थंडी एका क्षणात परत आली होती.

"कुंदाताई, उतरा."

"आधी फॉल्ट सांगा."

"गरम वाढतंय, उतरा आधी."

"वाढू द्या." काचेआड त्यांचा चेहरा लाल होऊ लागला होता. पण आवाज शिवणक्लासात माप सांगावं तसा होता. "मी ह्यांना म्हटलं, दुसरी गाडी घेऊ. ते म्हणाले, रंजू बघते आहे ना. म्हणजे आता सगळं तुमच्यावर आलं. तुम्हाला हे लग्न नको असेल तर नको म्हणा. मी थांबते, नाहीतर जाते वरोऱ्याला परत. पण हो म्हणून मला शिजवू नका."

"ताई आहे त्या सीटवर," रंजू म्हणाली.

बोलून झाल्यावर ते किती वेडगळ ऐकू आलं, ते तिला जाणवलं. म्हणून तिने सगळंच सांगितलं: सावली, ताप, 'येते हं', आणि रोजचा डबा. सांगता सांगता दार उघडलं आणि कुंदाताईंना दंडाला धरून बाहेर ओढलं. रंजूने माठातलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं, मग मनगटांवर. शेडच्या कडेला दोघी जमिनीवरच बसल्या.

कुंदाताईंच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं. त्या म्हणाल्या, "आमचे मालक गेले तेव्हा मी त्यांच्या चपला सरकवायची. अंगणात ऊन फिरेल तशा. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. चपलांना चटका बसू नये म्हणून. सासू म्हणायची, सून वेडी झाली."

"मग?"

"मग काय. झालेच होते. पण त्या चपलांनी कुणाला पोळलं नाही, रंजूताई." त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाने तोंड पुसलं. "मला त्या सीटची हौस नाही हो. ह्यांच्या शेजारी बसायचंय, एवढंच."

गाडीत पंखा घरघरत होता. ताईला पुन्हा हुडहुडी भरली होती आणि गाडी तिच्या पायांवर ऊब सोडत होती, मन लावून.

*

कुंदाताईंना सहासीटरमध्ये बसवून दिल्यावर रंजूने स्कॅनर घेतला आणि सावली बंद करायचा हुकूम दिला. यंत्राने नाही म्हटलं.

तिने कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन केला. फोनवर एक मुलगी होती, गोड, दमलेली. तिने तिकडे काहीतरी उघडून पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, या सीटवरचा देह चालू आहे."

"ती माझी बहीण. ती गेली. मृत्यूचा दाखला पाठवते."

"पाठवा मॅडम, पण उपयोग नाही होणार. प्रवासी काल दुपारी बसली होती, जेवली होती, असं दिसतंय."

रंजूने डब्याकडे पाहिलं.

"तुम्ही बसत होतात का?" मुलीने आवाज खाली आणला.

"हो."

"मग तुमची आणि त्यांची सावली एक झालीय. तुमचं वेगळं खातं आता दिसतच नाही मला. दोघींचं एकच आहे."

"वेगळं करा ना."

"मळलेल्या कणकेतून मीठ काढा म्हणताय, मॅडम."

"बंद केलं तर?"

"तर हा देह कुठल्याच गाडीत ओळखला जाणार नाही. बसमध्ये, रुग्णवाहिकेत, कुठेच. सीट रिकामी समजणार. चंद्रपूरहूनच बोलताय ना तुम्ही?" तिने तिकडचा पारा पाहिला. "आज तिकडे पन्नास आहे, मॅडम."

"नव्याने नोंद करता येईल?"

"तुम्ही त्याच आहात ना. नोंद करायला गेलं की जुनीच उघडेल."

"आणि जुनी उघडली की ताई."

"तापासकट," मुलगी म्हणाली. मग, "बंद करायचंच असेल तर प्रवाशाने स्वतः, त्या सीटवर बसून सांगावं लागतं, की परत येणार नाही. मी हे तुम्हाला करा असं सांगत नाहीये."

"नाही, तू नाही सांगत," रंजू म्हणाली. "जेवलीस का?"

"अजून नाही," मुलगी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

दोन वाटा होत्या, आणि दोन्ही रंजूला सरळ दिसत होत्या. काहीच केलं नाही तर रोज दुपारी ताईचा ताप उतरवता येणार होता. फक्त गाडी इथेच ठेवून घ्यावी लागणार होती, आणि भाऊजींना, आणि कुंदाताईंना, खोटं सांगत राहावं लागणार होतं. भाऊजींनी ते खोटं मानलंही असतं. फार प्रश्न न विचारता, वर्षानुवर्षं मानलं असतं. तिला भीती वाटली ती त्याचीच.

ती डाव्या सीटवर बसली. हुडहुडीची गरम झळ पायाला लागली, अडखळली, थांबली. फडक्या वर आल्या. कानामागे वारा टेकला.

"थोडी बस म्हणशील," रंजू म्हणाली. "बसले बघ इतके दिवस."

पडद्यावर आलं: ताप उतरतो आहे.

तिने तो पुरता उतरेपर्यंत वाट पाहिली. तापातल्या माणसाला असं पाठवत नाहीत. बाहेर ऊन कलत गेलं, पत्रा तडतडला. हुडहुडी गेली, ऊब गेली, श्वास सारखा झाला. कोणाचा, ते विचारण्यात अर्थ नव्हता. मग तिने लहानपणानंतर कधी उंबऱ्यावर न उच्चारलेला शब्द तोंडात जुळवला. पाठीवर चापट बसेल म्हणून तिचे खांदे आपोआप आखडले.

"जाते," ती म्हणाली.

फडक्या एकामागून एक मिटल्या. पंखा आणखी थोडा फिरला, सवयीने, आणि थांबला. कानामागचा वारा काढून घेतला गेला तेव्हा तिथे ओली जागा राहिली होती. ती लगेच सुकली.

डावी पुढची: रिकामी, असं पडद्यावर आलं. रंजू तिथेच बसली होती.

*

दिवाकर गाडी न्यायला आले तेव्हा म्हणाले, "पार्ट आला?"

"आला."

"बसवलास?"

"बसवला."

त्यांनी हात पुढे केला. "जुना दे."

गिऱ्हाईक जुना पार्ट मागतंच. खरंच बदलला का, ते बघायला. रंजूने पहिल्या दिवशी काढलेला रिले शोधला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. चांगला, कुठेही न जळलेला. दिवाकर आयुष्यभर कागद कारखान्यात मशिनींशेजारी उभे राहिले होते. जळलेला रिले कसा दिसतो हे त्यांना कळत होतं. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, रुमालात गुंडाळला आणि वरच्या खिशात ठेवला.

"गेला होता," ते म्हणाले.

"हो, भाऊजी."

लग्नाच्या नोंदणीच्या दिवशी सकाळीच ऊन चढलं होतं. साक्षीला म्हणून रंजूने यायचं ठरलं होतं. कुंदाताई अंजिरी साडी नेसून पुढे, डाव्या सीटवर. त्यांच्या चेहऱ्यावर गार वारा नीट येत होता, आणि तो मिळतोय याचा त्यांना अजून भरवसा वाटत नसल्यासारख्या त्या मध्येच हात पुढे करून बघत होत्या. रंजू मागे बसली. तिच्यापुढच्या फडक्या मिटलेल्या होत्या.

गाडी सुरू झाली. गोड आवाजात म्हणाली, दोन प्रवासी.

दिवाकरांनी आरशातून मागे पाहिलं. "तीन," ते गाडीला म्हणाले.

दोन प्रवासी, गाडी म्हणाली.

"राहू द्या भाऊजी. सेन्सर असेल, नंतर बघते मी."

पठाणपुरा दरवाजापाशी सिग्नलला गाडी थांबली तोवर रंजूचं पोलकं पाठीला चिकटलं होतं. आतल्या हवेत इकडचा गारवा तिकडे यायला वेळ लागतो. पुढच्या दोघांना बेतून दिलेला वारा मागे पोचेपर्यंत कोमट व्हायचा. तिने मान खिडकीकडे वळवून ठेवली. कुंदाताई मागे वळल्या. रंजूच्या कपाळाकडे पाहिलं, मग मिटलेल्या फडक्यांकडे. शिवणाऱ्या बाईची नजर. कापड कुठे कमी पडलं, ते तिला विचारावं लागत नाही.

"काय देऊन बसलात हो तुम्ही?" त्या हळू म्हणाल्या.

"काही नाही."

"गाडी कडेला घ्या," त्या दिवाकरांना म्हणाल्या.

"उशीर होईल, कुंदा."

"झाला तर झाला. इतकी वर्षं झालाच ना."

त्या उतरल्या, मागचं दार उघडलं आणि रंजूच्या शेजारी येऊन बसल्या. नुसत्या शेजारी नाही. दोघींचे खांदे, दंड, मांड्या एकमेकींना लागतील अशा. नव्या साडीचा पदर त्यांनी रंजूच्या मांडीवरूनही घेतला. रंजू आक्रसली. परक्या बाईची ऊब तिला नको होती, आणि सरकायला जागा नव्हती.

"मी काही ताई नाही तुमची," कुंदाताई समोर बघत म्हणाल्या. "गरम होतंय म्हणून बसले."

मागच्या फडक्या उघडल्या. वारा आला तो कुंदाताईंसाठी, त्यांच्या बाजूने. पण त्यांच्या दंडाला टेकलेला रंजूचा दंड त्यात आला, मग खांदा. गाडी काही वेळ गोंधळलेली असावी. वारा पुढेमागे हलला, थांबला, पुन्हा हलला.

रंजूने पुढे वाकून पडद्याकडे पाहिलं. प्रवासी दोनच होते. दिवाकर उराडे. कुंदा वासेकर. फक्त कुंदा वासेकरांच्या नावापुढे श्वासाचा आकडा दुप्पट दिसत होता, आणि अंगाची ऊब एका बाईची वाटू नये इतकी. बिघाड आहे का, असं यंत्राने विचारलं नाही. त्याने वारा वाढवला.

"चला हो," कुंदाताई म्हणाल्या, आणि दिवाकरांनी गाडी पुढे घेतली.